ढाळजेतला फोन

आमच्या घरात पहिल्यांदा ती घंटी वाजली तेव्हा मायच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीतल्या राखेत पडली. शाळेची घंटा आहे असं वाटून शेरडंही दचकली होती. आबा मात्र ढाळजेत आधीपासूनच टोपी घालून बसले होते, कारण तारा ओढणारी माणसं जाताना सांगून गेली होती की दुपारून तपासायला एकदा वाजवून बघू. आबांनी ते काळं, जड काहीतरी कानाला लावलं आणि एवढ्या मोठ्यानं 'हां, कोन?' म्हणाले की पलीकडच्या माणसाला तारेची गरज पडली नसावी. मग ते एकदम सावरून बसले, उपरणं नीट केलं आणि हळू आवाजात 'व्हय बाई, व्हय' म्हणू लागले. परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात, ट्रंकवर, कॉल जोडून द्यायला एक बाई बसायची. आबांना आयुष्यात अनोळखी बाईशी समोरासमोर बोलायची वेळ फारशी आली नव्हती, आणि इथं तर ती थेट कानातच बोलायली होती. पुढं कितीतरी दिवस तो फोन उचलायच्या आधी आबा टोपी सारखी करायचे.

आमचं गाव बोरीपासून पायी तासाभराचं. आबा पोलीस पाटील. नामांतराच्या त्या वर्षांत गावोगाव जे पेटलं, त्यानंतर ठाण्याला खबर लवकर पोचावी म्हणून पाटलाच्या घरी फोन असावा अशी वरून लिहापढी झाली, एवढंच मला मागाहून कळलं. म्हणजे आमचा फोन खबरीसाठी आला होता. कोणती खबर ही खबर आणि कोणती नुसती बायकांची कुरबूर, हे ठरवणारी माणसं अर्थातच ढाळजेत बसायची.

ढाळज म्हणजे दारातून आत शिरलं की डाव्या हाताची, उंच ओट्यावरची बैठक. तिथं सतरंजी, तक्क्या, आबांची लाकडी खुर्ची, भिंतीतलं एक कपाट आणि पानाचा डबा. येणारा-जाणारा गडीमाणूस तिथं टेकायचा. मधे अंगण, अंगणाच्या पलीकडं माजघर, त्याच्या मागं चुलीची खोली. माय लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ढाळजेत ती फक्त सारवायला गेली होती, तेही पुरुष शेतात गेल्यावर. चहाची कपबशीसुद्धा ती ढाळजेच्या पायरीवर ठेवून दोनदा बांगड्या वाजवायची आणि परत फिरायची. आबा वाईट नव्हते. मायवर त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजही क्वचितच चढवला. घराची रीत अशीच होती आणि आबांना ती हवेसारखी होती, दिसायची नाही.

फोन आला तसं मायनं ठरवलं की त्याला रुमाल पाहिजे. बोरीहून दोऱ्याचं रीळ आणवलं. पण फोन केवढा आहे हे तिनं कुठं नीट पाहिलं होतं? मग मला ढाळजेत पाठवलं. मी सुतळीनं फोन उभा-आडवा मोजला, गाठी मारल्या आणि ती सुतळी मायकडं नेऊन दिली. त्या गाठींवरून तिनं क्रोशानं चारी कडांना मोर काढलेला रुमाल विणला. फोनवर घातल्यावर तो असा नेमका बसला की आबासुद्धा म्हणाले, 'शिंप्यानं माप घेतल्यावानी केलाय.' ते ऐकून माय दाराआड हसली. आपण केलेली वस्तू त्या नव्या चीजेवर आहे याचंच तिला केवढं अप्रूप होतं.

माझी थोरली बहीण कौसल्या, आमची आक्का, भारी बोलकी होती. चौथीपर्यंत शिकलेली. धार काढताना म्हशीशी बोलायची, जात्यावर बसली की जात्याशी, आणि अंबाडीची भाजी निवडताना काडीकाडीला एकेक किस्सा असायचा. येसराची आमटी उकळायला लागली की सगळ्या घरभर वास सुटायचा, आणि त्या वासासोबत आक्काचा आवाज. भाऊ, म्हणजे आमचा थोरला दत्ताभाऊ, म्हणायचा, 'हिच्या तोंडाला दावं बांधा कोनीतरी.' ती म्हणायची, 'बांदलं तर तुला भाकर कोन हाक मारून वाढंल?' तिच्या हातची करडईच्या तेलातली शेंगाची चटणी मी नंतर कुणाच्याच हातची खाल्ली नाही. प्रमाण तेच, वाटणं तेच, पण ती चटणी वाटतानाही बोलत असायची. तेवढं राहून जातं.

आक्काला देवगाव फाट्याजवळच्या गावात दिलं. सासरे खताबियाण्याचे दुकानदार, शेती भरपूर, आणि घरात फोन. ही फोनची गोष्ट आमच्या गावात लग्नातल्या दागिन्यांपेक्षा जास्त बोलली गेली. नदीवर धुणं धुताना बाया मायला म्हणायच्या, 'तुजं बरं हाय बाई. लेक म्हंजे हातभर लांब. घंटी वाजवली की बोलली.' मायलाही तसंच वाटलं होतं. आक्काला वाटे लावताना ती इतर आयांसारखी रडली नाही. मला वाटतं, तिला खरोखर वाटत होतं की लेक त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

पंधरा दिवसा-महिन्यानं फोन यायचा. आक्काचे सासरे आणि आबा बोलायचे. तिकडं पाऊस किती, इकडं किती, कापसाला बोंडं कशी लागली, फाट्यावरच्या रस्त्याचं काम कुठवर आलं. आबा ओरडून बोलायचे, त्यामुळं निम्मं बोलणं अंगणात ऐकू यायचं. माय हातातलं काम टाकून माजघराच्या दाराआड येऊन उभी राहायची. सगळं बोलून झालं, फोन ठेवायची वेळ आली की आबा म्हणायचे, 'आन् पोरगी बरी हाय न्हवं?' तिकडून काहीतरी यायचं. आबा म्हणायचे, 'हां, मग बरंय, ठेवतो.' आणि अंगणाकडं तोंड करून, कुणाला उद्देशून नाही असं, सांगायचे, 'बरी हाय म्हनतेत.'

मी तेव्हा परकरातली. ढाळजेत जायची मला मुभा होती. माय मला पुढं लोटायची, 'जा, आबाला म्हनावं, तिला लोनच्याची बरनी पोचली का इचारा.' मी आबांच्या कानाशी कुजबुजायची. मूड असला तर ते विचारायचे, नसला तर हातानंच मला बाजूला सारायचे. एकदा, एकदाच, सासऱ्यांनी आक्काच्या हातात फोन दिला. आबा म्हणाले, 'बोल गं.' मी आबांच्या मांडीशी जाऊन कान लावला. आक्का म्हणाली, 'बरी हाय आबा. माय?' आबा म्हणाले, 'माय बरी हाय.'  तारेतून नुसती खरखर. मग आबा म्हणाले, 'हां, ठेव मग.' एवढंच. जिच्या तोंडाला दावं बांधा म्हणायचे, ती तिथं चार शब्दांत आटोपली होती.

मायनं मला चुलीपाशी बसवून विचारलं, 'आवाज कसा व्हता?'

'आक्काचाच व्हता.'

'तसं न्हाई गं. वला व्हता का कोरडा?'

मला सांगता आलं नाही. माय माझ्याकडं अशी बघत राहिली जशी मी बाजारातून काहीतरी सांडून आले होते.

पुढच्या वर्षी मला पदर आला. शाळा सातवीवर थांबली आणि ढाळजही. कुणी बसवून सांगितलं नाही. एक दिवस फोन वाजला, मी सवयीनं धावले, तर भाऊ म्हणाला, 'ए, इकडं कुठं? माणसं बसल्यात.' मी अंगणातच थबकले. त्यानंतर मीही मायशेजारी दाराआड उभी राहू लागले. पूर्वी मायला माझे कान तरी होते. आता आम्ही दोघी मिळून आबांचं ओरडणं ऐकायचो आणि पलीकडचं मनानं जोडायचो.

मी पुढं अंगणवाडीत लागले, तीस वर्षं काम केलं. शेवटच्या काही वर्षांत सगळे फॉर्म मोबाईलवर भरायचे आले. गरोदर बाई समोर बसलेली असायची, मी विचारायची, 'मोबाईल नंबर?' शंभरातल्या बहुतेक म्हणायच्या, 'मालकाचा लिवा.' कुणी दिराचा सांगायची. मी म्हणायची, बाई, निरोप तुझ्या पोटातल्या बाळाचा येणार आहे, गोळ्यांचा, तारखांचा. ती हसून म्हणायची, 'ते सांगतील की मला.' एका बाईकडं स्वतःचा फोन होता, पण तो उघडायची खूण नवऱ्यानं घातलेली. मी नंबर लिहून घ्यायची. दुसरं काय करणार होते? रकाना मोकळा ठेवला तर फॉर्म पुढंच जायचा नाही.

तर, आक्काला दिवस गेले ती खबर फोनवरूनच आली. सातवा लागला की ओटी भरून माहेरी आणायचं ठरलं. मायनं उडदाचे लाडू करायला डाळ भाजून ठेवली, जुन्या लुगड्यांची बाळोती शिवली. कापूस वेचायचे दिवस होते. एके दिवशी सकाळीच आबा आणि भाऊ चावडीवर कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात गेले होते. माय परसात होती. मी अंगण झाडायली होते, आणि फोन वाजला.

घरात पुरुष नसताना फोन वाजला तर तो वाजून थांबू द्यायचा, असंच चाललं होतं. त्या दिवशी तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. मी खराटा टाकला, इकडंतिकडं बघितलं आणि ढाळजेची पायरी चढले. उचलला. परभणीची बाई म्हणाली, 'देवगाव फाट्यावरून आहे, बोला.' आणि मग आक्का.

'आबा?'

'आक्का, मी हाय. वच्छी.'

तिचा आवाज एकदम फुटला. 'वच्छे, माय कुठंय? घरात कोनी गडीमानूस न्हाई न्हवं? ऐक, माजं डोकं फुटायलंय. चार दिस झाले. पायाला बोट लावलं की खड्डा पडायलाय. मदीच डोळ्यापुढं काजवे चमकायलेत आन् काही दिसायलं न्हाई. इथं सांगितलं तर म्हनतेत, पोटुशीला असंच होतं, चालत-फिरत ऱ्हा. सासूबाई भल्या हायत पर त्यांच्या हातात काय हाय? मायला सांग, सातव्याची वाट बगू नगा. मला घेऊन जा. आजच…' मग मागं कुणाचा तरी पुरुषी आवाज आला, 'कोनाशी बोलायलीस?' आणि आक्का एकदम म्हणाली, 'बरी हाय मी,' आणि फोन बंद झाला.

मी परसात धावत गेले. मायला जसंच्या तसं सांगितलं. मायनं माझे दोन्ही दंड धरले, 'पायाला खड्डा पडतोय म्हनली? डोळ्याला दिसंना म्हनली?' मी हो म्हणाले. ती तिथंच गोवऱ्यांच्या ढिगाऱ्यावर बसली. तिच्या माहेरच्या शेजारणीचं असंच झालं होतं, ती म्हणाली. 

आबा संध्याकाळी आले. माय काहीही सांगायची तर त्यांच्या जेवणाच्या वेळी सांगायची, कारण तेवढाच वेळ ते माजघरात असायचे. भाकरी वाढता वाढता तिनं सांगितलं. आबांचा हात ताटात थांबला.

'फोन कोनी उचलला?'

'वच्छीनं. मी सांगितलं व्हतं,' माय खोटं बोलली.

आबांनी माझ्याकडं बघितलं, रागावलेले दिसले नाहीत, नुसते गोंधळलेले. ते ताटावरून उठले, हात धुतला आणि ढाळजेत जाऊन फोन लावला. आम्ही दाराआड. आबा व्याह्यांशी नेहमीसारखं बोलू लागले, आधी कापूस, मग थोडं हसले, मग म्हणाले, 'पोरीला काही तकलीफ हाय का पाव्हणं? नुसतं इचारायलाव.' पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. आबांच्या खांद्यावरचा ताण उतरत गेलेला मला अंगणातूनही दिसला. 'न्हाई न्हाई, बायकांचं काय, बायका भितेतच,' ते म्हणाले. फोन ठेवून माजघराच्या दारापर्यंत आले.

'बरी हाय. आज सकाळी पंधरा मानसाच्या भाकरी बडवल्यात तिनं. पाय सुजल्यात थोडं, ते होतंच म्हनतेत.'

माय म्हणाली, 'तिलाच फोनवर बोलवा म्हनायचं व्हतं.'

'सासऱ्याम्होरं ती काय बोलंल? आन् मी पाव्हण्याला कसं म्हनू, की तुमच्या तोंडचं खरं धरत न्हाई म्हनून?'

'मग उद्या सकाळच्या यष्टीनं मी जाते.'

'बोलवल्याबिगर? सातव्याला पंधरा दिस राह्यलेत. बाजार झाला की दत्ता जाऊन बगून यील.'

बाजार चार दिवसांवर होता. माय आत वळली, आबा पुन्हा जेवायला बसले. तिनं आबांसमोर ताट पुन्हा सरकवलं, त्यातली निवलेली आमटी काढून दुसरी वाढली. भावानं मात्र त्याच संध्याकाळी फोन उचलून भिंतीतल्या कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली आबांच्या करगोट्याला बांधायला दिली. 'उद्या कुठल्या ठाण्यातून फोन आला आन् पोरीनं काय भलतंच सांगितलं तर?' तो म्हणाला. त्याचंही अगदीच चुकीचं होतं असं नाही. त्याच्या हिशोबानं तो फोन सरकारी कामाचा होता.

त्यानंतरचा दिवस गेला. त्याच्यानंतरच्या दिवशी सकाळी आबा आणि भाऊ शेतात गेले, वेचणीला बाया लावल्या होत्या. माय उडदाची डाळ जात्यात घालायली होती. मी खुंटा धरलेला. आणि कपाटात घंटी वाजायला लागली.

कुलूपबंद कपाटातून येणारा तो आवाज मला आजही सांगता येणार नाही. दबलेला, लाकडातून येणारा, कुणी गोणीत तोंड घालून हाक मारावी तसा. आम्ही दोघी जात्यावर तशाच बसून राहिलो. तो वाजला, थांबला. पुन्हा वाजला. माय उठली, अंगण ओलांडून ढाळजेत गेली, दिवसाउजेडी, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. कपाटाच्या फळीवर तिनं दोन्ही तळवे टेकवले. 'कौसे,' ती लाकडाला म्हणाली. 'कौसे, थांब.' घंटी वाजायलीच होती. मी कुलूप ओढून बघितलं, बिजागरी हलवून बघितली. मायनं आत जाऊन खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्या घावाला कोयंडाच फळीतून निघाला. त्याच वेळी घंटी थांबली.

मायनं फोन बाहेर काढून कानाला लावला, उलटा. बोलायचं तोंड कानाकडं. मी तो फिरवून दिला. तिला ऐकू आलं असावं, कारण तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं तो घाईघाईनं माझ्याकडंच दिला. परभणीची बाई होती.

'देवगाव फाट्याचा कॉल होता. तिकडून ठेवला वाटतं.'

मी म्हणाले, 'बाई, परत लावता का? माझी बहीण हाय तिथं. ती आजारी हाय.'

'थांबा, लावते.'

पलीकडं घंटी वाजायला लागली. ती मला कानात ऐकू येत होती. मी मायला ऐकवली. त्या घरात, कुठंतरी आक्काच्या जवळ, ती वाजायली होती. कुणी उचलेना. बाईनं पुन्हा लावलं. पुन्हा वाजून थांबलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, 'घरात कुणीच नाही का हो?'

'असतील की,' मी म्हणाले. 'बायका असतील.'

 बाई म्हणाली, 'मी अजून लावून बघते, तुम्ही धरून ठेवा.' तिच्या पुढं दुसरे कॉल असतील, रागावणारी माणसं असतील, तरी तिनं पाच वेळा लावलं. पाचव्यांदा म्हणाली, 'ताई, नाही उचलत. काय करू मी, सांगा?' मी फोन ठेवला. तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही.

मी शेताकडं पळाले. काटे टोचत होते, वाटेत एकदा पडले. आबा आणि भाऊ आले तेव्हा माय फोनपाशी ढाळजेत खुर्चीला टेकून जमिनीवर बसली होती. आबांनी खाली पडलेलं कुलूप उचललं, हातात घेऊन उभे राहिले.  आणि तेवढ्यात फोन वाजला. आक्काचे सासरे होते, सेलूच्या दवाखान्यातून. पोरीला फिट आली, परभणीला न्या म्हणालेत, तुम्ही थेट तिकडंच या. भाऊ फटफटी काढून पुढं गेला. आबा आणि माय बोरीहून जीपनं. त्या जीपमध्ये मला जागा नव्हती. मी एकटी घरी, उघड्या कपाटासमोर.

बाळ गेलं. मुलगा होता म्हणतात. आक्का वाचली. पण तिचा उजवा हात आणि पाय गेला आणि तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. एकोणीस दिवस ती परभणीत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'त्रास कधीपासून होता?' आबा म्हणाले, 'आजच झालं म्हना की.' माय त्यांच्या मागं उभी होती. ती पदर न सावरता, सगळ्या पुरुषांदेखत, व्याह्यांदेखत म्हणाली, 'सहा दिस झाले. चौथ्याच दिवशी कळवलं व्हतं तिनं.' डॉक्टरीणबाईंनी कागदावर ते लिहून घेतलं. हे मला मायनं नाही, आबांनी सांगितलं, कितीतरी वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात. सांगताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

आक्काला तिच्या सासरच्यांनी आमच्याकडं आणून सोडलं. थोडे दिवस म्हणाले होते. महिन्याभरानं तिची सासू एकटीच बघायला आली. माय तिला चुलीच्या खोलीत घेऊन बसली, चहा दिला. बाई म्हातारी, हडकुळी. ती म्हणाली, 'त्या दिशी इनंच फोन लावला. घरात कोनी गडी न्हवतं म्हनून. आन् ठेवता ठेवताच खाली पडली. मी डोकं मांडीवर घेतलं. दातखीळ बसली व्हती. आन् मग ती घंटी वाजायली. मी पुढंच बसलेली, बाई. हात न्हेला, वापस घेतला. उचलून काय करायचं असतं तेच मला ठावं न्हवतं. वाटलं, वाजतंय म्हंजे मालकाला कोनीतरी बोलवायलंय.'

माय चुलीत बघत होती. 'पाच बार वाजली,' ती म्हणाली.

'लय वाजली,' विहीणबाई म्हणाल्या.  जाताना मायनं तिला कुंकू लावलं, भाजलेल्या उडदाची ती तशीच पडलेली डाळ फडक्यात बांधून दिली. मला तेव्हा मायचा राग आला होता. आता येत नाही. त्या फोनच्या दोन टोकांना त्या दिवशी दोन आया बसल्या होत्या, आणि मधे बसून जीव तोडून तारा जोडणारी तिसरी एक बाई.

आबांनी त्या कपाटाला पुन्हा कुलूप लावलं नाही. एकदा जेवताना म्हणाले, 'वाजला तर तुमी पन उचलत जा.' हे त्यांच्यासाठी लय मोठं होतं, मला माहीत आहे. पण मायनं तो पुढं कधी उचलला नाही. वाजला की ती आपलं काम करत राहायची. जिच्या आवाजासाठी ती दाराआड उभी राहायची, ती आता बाजेवर तिच्यासमोरच होती, आणि तिला शब्द फुटत नव्हता.

तुरीच्या शेंगा यायच्या दिवसांत आक्काचं थोडं बोलणं परत आलं. तुकड्या-तुकड्यानं, ओढून आणल्यासारखं. अंगणात उन्हात बसून आम्ही दोघी शेंगा सोलायचो. ती डाव्या हातानं, शेंग गुडघ्यात धरून. अशीच एका दुपारी ती थांबली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, 'वच्छे. तू… सांगितलं व्हतंस?'

मला कळलं ती कशाबद्दल विचारायली. 'सांगितलं व्हतं आक्का. त्याच घडीला मायला. आन् मायनं आबाला, सांजच्याला.'

'मग?'

'मग आबांनी फोन लावला. तुज्या सासऱ्याला इचारलं.'

ती वाट बघत राहिली. मला पुढचं सांगावंच लागलं. 'ते म्हनले, बरी हाय.'

आक्कानं ते ऐकून घेतलं. गुडघ्यातली शेंग खाली पडली, ती तिनं उचलली नाही. तोंडाची एक बाजू हलली. 'आन् तुमाला,' ती म्हणाली, 'खरं वाटलं.'

मला न्हाई वाटलं, असं मी म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण त्या संध्याकाळी आबांचं ऐकून माझाही जीव भांड्यात पडला होता, आणि त्यानंतर मी चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या होत्या. ते मला आठवत होतं.